पोटखराबा

सातबाऱ्यावर त्या सड्याचं नाव पोटखराबा.
आकार शून्य रुपये, शून्य पैसे.
मी नगररचनेच्या कचेरीत सत्तावीस वर्षं रंग भरले,
पिवळा राहायला, निळा दुकानांना, हिरवा शेतीला,
आणि सड्यापाशी पेन्सिल आली की साहेब म्हणायचे,
तो सोडा हो आयरे, तिथं काही नाही.
मी सोडायचो.
नकाशाच्या मधोमध कागदाचा कागदच राहायचा,
खाडीपेक्षा मोठा.

काही नव्हतंच म्हणा.
भादव्यात पंधरा दिवस नखाएवढी जांभळी फुलं.
खड्यांत खडा होऊन बसलेली टिटवीची अंडी.
भागोजी झोऱ्याच्या सात म्हशी.
कातळात कुणी कोरलेला मासा, नाहीतर डुक्कर;
कोरणाऱ्याला विचारायचं राहून गेलं.
आणि पाणी.
चार महिने कातळ ते सावकाश गिळायचा
नि मे महिन्यात खाली गोताडवाडीच्या बावडीत
गार करून परत द्यायचा.
हा फेरफार कुठल्याच वहीत चढलेला नाही.

मग एका मार्चात गुंडाळी करून नवा नकाशा आला.
सड्यावर करडा रंग भरा, म्हणाले.
आमच्या डब्यात करडी पेन्सिल नव्हती,
बाजारपेठेतही नाही.
मी काळी चालवली, हलक्या हातानं,
आणि थुंकी लावून बोटानं पसरली.
धावपट्टी पहिली माझ्या अंगठ्यावर उतरली,
आठ दिवस निघत नव्हती.

पोटखराब्याला भाव फुटला.
एका उताऱ्यावर एकेचाळीस नावं निघाली,
बोरिवलीहून, नालासोपाऱ्याहून,
ज्यांनी सडा कधी पाहिला नव्हता त्यांनाही तो आठवू लागला.
मयत इसम मुखत्यारपत्रानं हजर.
भागोजीचं नाव कुठंच नव्हतं.
म्हशींचं तर नाहीच.

जमीन संपली तेव्हा आभाळ मोजायला घेतलं.
आता हवेचा नकाशा, फनेलच्या आकाराचा,
आणि त्याच्या सावलीत कोण किती उभं राहील याचे दाखले.
रोहिदास शिवलकराच्या आगरात नोटीस आली:
माड क्रमांक सात, उंची जास्त दोन मीटर चाळीस,
छाटणी करावी.
रोहिदास नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आला,
म्हणाला, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा,
माडाला फांदी असते का?
शेंडा घेतला की माड गेला.
मी म्हटलं, नमुना छापील आहे, त्यात छाटणीच लिहितात.

रुकय्या फणसोपकरचा अर्ज माझ्याच हातून परत गेला.
मुलगा कतारहून पैसे पाठवतो, वर दोन खोल्या हव्यात.
परवानगी तळमजल्यापुरती.
ती कागद पाहत राहिली, मग हसली,
पोरगा माझा एवढ्या वरून जातो,
आणि मी जिन्यावर चढायची नाही?

मी कृतघ्न नाही.
हिला झटका आला त्या दिवशी
मुलगी मुंबईहून पन्नास मिनिटांत आली,
चपला न काढता आत आली,
आणि आईनं तिला ओळखलं.
गाडीनं आली असती तर नसतं ओळखलं.
हे मी विमानाच्या बाजूनं लिहून ठेवतो.

टिटव्या हाकलायला एक मुलगा ठेवलाय,
दिवसभर फटाके लावतो. भागोजीचा नातू.

यंदा मे महिन्यात गोताडवाडीत टँकर.
आणि जुलैत, जे पाणी उतरायला चार महिने घ्यायचं
ते गटारातून चाळीस मिनिटांत खाली आलं,
व्हाळ सोडून रस्त्यानं, रस्ता सोडून घरांत.
मी निवृत्त, तरी छत्री घेऊन गेलो.
फणसोपकरांच्या ओटीवर गुडघाभर,
गहू भिजलेला, पलंगाखालची ट्रंक तरंगत होती.
तलाठ्याचा पोऱ्या बाहेरून ओरडत होता,
सामान वर हलवा, सामान वर हलवा!

रुकय्यानं माझ्याकडे पाहिलं,
त्याच्याकडे नाही.
वर कुठं, आयरेकाका?